पुढची ओळ

विश्रांतवाडी, पुणे
दि. २ मार्च २०२५

कल्याणीबाई,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची आपल्यात रीत आहे, ती या वेळी मुद्दाम गाळली आहे.

एकाच शहरात राहून बापाने लेकीला पोस्टाने पत्र टाकावं, हे पोस्टमनलाही चमत्कारिक वाटेल. पण तू फोन उचलत नाहीस, आणि दोन बस बदलून कात्रजला येऊन तुझ्या बंद दारासमोर उभं राहायची मला हौस नाही. पत्र निदान दाराच्या फटीतून आत जातं. वाच नाहीतर फाड.

आपल्या विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी शुभंकर काल घरी आला होता. जयंतीसाठी नवं गाणं हवं म्हणून मी माझं दिलंच होतं. तो मान खाली घालून म्हणाला, काका, अजून एक आलंय, कल्याणीताईंनी पाठवलंय, दोन्ही विहारातल्या बायांपुढे ठेवू. कल्याणी कधीपासून चाली लावायला लागली, असं मी विचारलं. तर म्हणे ताईंचं कामच ते आहे, जाहिरातींना संगीत देतात, सगळं कॉम्प्युटरवर. माझी मुलगी काय करते हे मला आता कमिटीकडून कळतं.

बरोबर अभिनव होता. कमिटीची मोबाईलची कामं तो बघतो. कॉम्प्युटरवर गाणं होतं म्हणजे काय, हे मला दाखवायची त्याला फार घाई झाली होती. त्याने फोनवर शब्द टाकले: जयंती, जोश, ढोलकी, पुरुषाचा आवाज. मी चहा कपात ओतत होतो, तेवढ्यात, चाळीस सेकंदांत गाणं तयार. दोन कडवी, कोरस, मध्ये बासरी. मला विचारतो, 'काका, अजून एक व्हर्जन काढू का?' दुसरं आलं, तिसरं आलं. एकही वाईट नव्हतं. वाईट असतं तर मी बसून दुरुस्त केलं असतं. त्यात दुरुस्त करायला काही नव्हतं आणि लक्षात ठेवायलाही काही नव्हतं. तो गेल्यावर मी ते आठवायचा प्रयत्न केला, एक सूर हाती लागला नाही.

खडकीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. सकाळी वहीत शब्द लिहून ठेवायचे, डबा घ्यायचा, सायकलवर टांग टाकायची. एकेक चाल बसायला आठ-आठ, दहा-दहा दिवस लागायचे. 'उंबरा ओलांड सखे' तर तीन आठवडे घेऊन बसलं. एक्याण्णव साली ते कॅसेटवर आलं आणि अजून लग्नात वाजतं, बारशात वाजतं, जयंतीत तर वाजतंच. त्या कॅसेटवर माझं नाव आहे: गीत आणि चाल, दशरथ ओव्हाळ. चाळीस सेकंदांत ते नाव मिळालेलं नाही.

गेल्या सहा वर्षांत तुम्ही नवं काय दिलंत, असं तू म्हणशील. दिलं नाही, कारण ऐकणारे राहिले नाहीत. पुढे काही विचारू नकोस.

तुझं गाणं परत घे. जाहिरातींचा साबण तू खुशाल विक. आमच्या विहारात तो नको.

कागदोपत्री तुझा बाप,
दशरथ ओव्हाळ


दि. ११ मार्च २०२५

कल्याणीबाई,

जयभीम. तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार शब्दांसाठी अख्खं कार्ड वाया घालवलंस. 'आधी ऐका. मग लिहा.' आज्ञा शिरसावंद्य.

शुभंकरला बोलावून ऐकलं. आवाज तुझा आहे, तेवढा ओळखला. लहानपणी नाकात गायचीस, ते गेलंय. शब्द तुझेच असावेत, बरे आहेत. त्यामागचा ढोल, बासरी, टाळ्या हे सगळं यंत्राचं, आणि चालही यंत्राची. पहिल्या ओळीतच कळलं, पुढे ऐकायची गरज पडली नाही. बंद करायला सांगितलं.

कसं कळलं ते सांगतो, म्हणजे म्हातारा आकसाने बोलतोय असं वाटायला नको. चाल अर्धवट आहे. ओळीच्या शेवटी सूर टेकत नाही, लोंबकळत राहतो. माणूस अशी चाल लावत नाही. माणसाला ओळ संपली की बूड टेकायचं असतं. यंत्राला बूड नाही, त्याला कळणार कसं? बेचाळीस वर्षं मी चालींमध्ये आहे. माणसाची कुठली आणि यंत्राची कुठली, हे या कानांना शिकवायला नको.

तुझी आई असती तर तिने हे ऐकून पोळपाट आपटला असता.

आता तिचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तिच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला भंतेजी बसलेले, पाहुणे जेवायचे राहिलेले, आणि तू सगळ्यांसमोर मला तो प्रश्न विचारलास. मी तुला बाहेर हो म्हणालो. त्या शब्दांबद्दल मला वाईट वाटतं का, तर वाटतं. पण प्रश्नाची ती जागा नव्हती. दुसरी कुठली जागा होती, हे मला विचारू नकोस. त्यानंतर वर्ष झालं, तू या घराची पायरी चढली नाहीस. आणि आता बापाला उत्तर म्हणून यंत्राची चाल पाठवतेस.

बायांची फेरी तेवीस तारखेला आहे. रीत तुला माहीत आहे, खडकीच्या क्वार्टरपासूनची आहे. वंदना झाली की पेटी नाही, ढोलकी नाही, नुसत्या गळ्याने गाणं म्हणायचं. तिसऱ्या फेरीला बायांनी उचललं तर पास, नाहीतर घरी. तिथे तुझी बासरी मदतीला येणार नाही.

दशरथ ओव्हाळ


दि. २४ मार्च २०२५

कल्याणी,

तू हे ठरवून केलंस.

माझं गाणं मी स्वतः म्हटलं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. बाया ओठ हलवत होत्या, पण आवाज मला एकट्यालाच काढावा लागत होता. तिसरी फेरी संपली. शुभंकरने सगळ्यांना पाणी दिलं. अशा वेळी पाणी देतात ते कशासाठी, हे मला कळतं.

मग तुझं गाणं शुभंकरच्या बहिणीने, वैष्णवीने म्हटलं. फोनवर ऐकून तिने पाठ केलं होतं. तिने पहिली ओळ म्हटली, सूर लोंबकळत ठेवला आणि श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात मागून क्वार्टरमधल्या द्वारकाबाईंनी दुसरी ओळ उचलली. तू लिहिलेली नाही. माझी. 'पाटी घे लेकीची हाती, आता तुझी बारी.' 'उंबरा ओलांड'मधली ओळ, माझे शब्द, आणि ही चाल. मग द्वारकाबाईंनी पहिली ओळही त्याच चालीवर म्हटली, 'उंबरा ओलांड सखे, उजाडलंय दारी', आणि क्वार्टरमधल्या जुन्या चार-पाच जणी त्यांच्या मागून गायला लागल्या. पहिल्याच फेरीत. असं आजवर कधी झालेलं नाही.

मी उठलो आणि सगळ्यांना सांगितलं की ही चोरी आहे. यंत्राला माझी कॅसेट खाऊ घातली, त्याने तिचा चुरा करून नवीन वडी थापली, म्हणून माझे शब्द तिच्यात बसतात. मी अजून बोलणार होतो. द्वारकाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, 'दशरथ, खाली बस. ही तुझ्या नंदाची चाल हाय. जिन्यात गहू निवडताना म्हनायची. तू नको म्हनलास, म्हनून आमी कुठं टाकली?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चपला घालून निघून आलो.

द्वारकाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला त्यांच्या मेलेल्या दिराच्या नावाने हाक मारली होती. त्यांच्या स्मरणावर मी विश्वास ठेवणार नाही. तू त्यांना आधी जाऊन भेटलीस, चाल शिकवलीस आणि माझ्या तोंडावर उभं केलंस, असं माझं स्पष्ट मत आहे. जयंतीच्या स्टेजवर माईक माझ्याच हातात असतो. तिथे मी सांगणार आहे की हे गाणं यंत्राने चोरलेलं आहे आणि चोरी माझ्याच मुलीने करवली आहे. मग कात्रजला तुला काय तोंड दाखवायचं ते दाखव.

दुसरी ओळ चांगली आहे, एवढं मान्य करतो. ती कोणाचीही असो.

दशरथ ओव्हाळ


दि. ४ एप्रिल २०२५

कल्याणी,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. त्यात एक कॅसेट, माझ्या अकरा मार्चच्या पत्राची झेरॉक्स आणि तुझं अर्ध्या पानाचं पत्र. झेरॉक्सवर तू लाल पेनाने तीन वाक्यांखाली रेघ मारली आहेस. शाळेतली सवय गेली नाही.

माझ्याकडे टेप राहिलेला नाही. खडकी बाजारात रंगनाथचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून आहे, तिथे गेलो. रंगनाथने कॅसेटवरचं माझं अक्षर बघितलं आणि म्हणाला, ही तर तुमच्या तालमीची. 'उंबरा' बसत होतं तेव्हा मी घरी टेप लावून ठेवायचो, हे मी विसरलो होतो. त्याने बी बाजू लावली.

आधी कुकरची शिट्टी आहे. मागे तू बे एके बे म्हणते आहेस. मग नंदा गाते, 'उंबरा ओलांड सखे, उजाडलंय दारी', याच चालीवर, आणि सूर शेवटी तसाच सोडून देते. लगेच माझा आवाज येतो. 'अर्धवट आहे. सूर टेकत नाही शेवटी. माणूस अशी चाल लावतो का? दुसरी कर.' आणि नंदा म्हणते, 'बरं.'

तुझ्या लाल रेघा कशाखाली आहेत ते मला तेव्हा कळलं. चौतीस वर्षांनी मी तेच शब्द पुन्हा लिहिले, आणि ते यंत्राबद्दल लिहितोय अशी माझी खात्री होती. बेचाळीस वर्षांच्या कानांची फुशारकी मारून बायकोच्या चालीला मी यंत्राची चाल म्हणालो. मी ती दोनदा नाकारली आणि दोन्ही वेळा पुढची ओळ ऐकली नाही. सूर टेकत नव्हता, कारण तो तिने दुसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षरासाठी राखून ठेवला होता. द्वारकाबाईंनी उचलला तो तिथेच. एवढी साधी गोष्ट होती.

कॅसेट पुढे चालू होती. पुढच्या दिवशीची तालीम असावी. नंदाने दुसरी चाल म्हटली. तीच, सगळं गाव म्हणतं ती. मुखडा आणि दोन्ही अंतरे, सबंध. शेवटी माझा आवाज, 'हां, ही चालेल.' रंगनाथ हातातल्या स्क्रूकडे बघत बसला होता.

आता तुझा तो प्रश्न. कॅसेटवर आईचं नाव का नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, ते आज लिहितो. त्या कॅसेटवर चौदा गाणी आहेत. नऊ चाली नंदाच्या. दोन माझ्या. तीन सिनेमाच्या चालींवर बसवलेल्या, त्या कोणाच्याच नाहीत. मी सकाळी वहीत शब्द लिहून ओट्यावर ठेवायचो आणि संध्याकाळी येऊन विचारायचो, झालं का. सायकलवर मला कधी काही सुचलं नाही. सायकलवर मी खड्डे चुकवायचो. आपल्या गाण्याच्या पार्टीतले पुरुष बाईची चाल गाणार नाहीत, असं मी स्वतःला सांगत होतो. मी त्यांना कधी विचारलं नाही. आणि सहा वर्षं नवी चाल आली नाही, त्यालाही ऐकणारे जबाबदार नाहीत. सहा वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली.

तुझ्या पत्रात तू लिहिलं आहेस, चाल आईची आहे, माझी वेणी घालताना ती म्हणायची, मी फक्त शब्द लिहिले आणि मागे वाद्यं लावली. ते मी मानतो. त्यापुढे तू लिहिलं आहेस, 'पप्पा, यंत्राबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. मी दिवसभर तेच करते, त्यात काय नसतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तुम्हीही शब्द टाकत होतात आणि चाल तयार मिळत होती. आईला बटण नव्हतं, एवढाच फरक.'

हे वाचून मला संताप आला. अजून आहे. नंदाची आणि त्या यंत्राची बरोबरी तू करायला नको होतीस. दोन दिवस मी तुला उत्तर जुळवत होतो. यंत्राला नको म्हटलं की ते लगेच दुसरी देतं, त्याला काही वाटत नाही, असं लिहिणार होतो. मग आठवलं की नंदाही लगेच 'बरं' म्हणायची. तिला काही वाटत होतं का, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. म्हणून उत्तर लिहिलं नाही.

तू क्रूरपणे लिहितेस. तो गुण माझ्याकडून आला आहे.

दशरथ


दि. १५ एप्रिल २०२५

चि. कल्याणी,

सप्रेम जयभीम.

काल जयंती झाली. तू येशील असं शुभंकरला वाटत होतं. मला वाटत नव्हतं.

स्टेजवर माझी ओळख करून देताना 'उंबरा ओलांडचे जनक' असं म्हणाले. मी माईक घेतला आणि सांगितलं की शब्द माझे आहेत, चाल नंदा दशरथ ओव्हाळ हिची. आज जे नवं गाणं होणार आहे त्याचीही चाल तिची, शब्द माझ्या मुलीचे, आणि मी यातली पहिली तिच्याकडून घेऊन चौतीस वर्षं स्वतःच्या नावावर लावली. एवढं बोलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. टाळ्या झाल्या नाहीत. मागे कोणाचा तरी डीजे चालू होता, निम्म्यांना ऐकूही गेलं नसेल.

आपला ढोलकीवाला श्याम खाली उतरल्यावर म्हणाला की त्याला पहिल्यापासून माहीत होतं, तालमीला वहिनी आतून ठेका चुकला की भांडं वाजवायच्या. मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, तू विचारलंस का? मी त्याला शिवी दिली. त्यानेही दिली.

वैष्णवीने गाणं म्हटलं. बाया पहिल्या ओळीपासून गात होत्या. मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. तुझा ढोल मी लावू दिला नाही. तो ढोल भिकार आहे. बासरी त्याहून भिकार आहे. चाल तिची आहे म्हणून मी यंत्राला माफ करणार नाही, आणि तुलाही नाही. एवढी चाल जिच्या गळ्यात होती तिच्या मागे फुकटची बासरी लावताना तुझा हात कसा धजला?

आता खरं काय झालं ते. गाणं संपल्यावर शेजारच्या मंडळाचा आमोद माझ्याकडे आला. शिकलेला आहे, कंपनीत आहे. म्हणाला, 'काका, चाल एक नंबर. कुठल्या ॲपवर केली?' मी म्हटलं, माझ्या बायकोने केली, एक्याण्णव साली, कणीक मळताना. तो हसला आणि म्हणाला, 'नाही, खरं सांगा ना.' मी परत सांगितलं. त्याला वाटलं मी नाव सांगायला नाही म्हणतोय. तो नाराज होऊन गेला.

त्याचा दोष नाही. अकरा मार्चला मीही तेच लिहिलं होतं. आता चांगली चाल ऐकली की माणसं आधी यंत्राचंच नाव विचारणार. पूर्वी नंदाची चाल माझ्या नावावर गेली, यापुढे यंत्राच्या नावावर जाईल. तिचं नाव कुठेच नाही. मी ते वेळेवर लावलं असतं तर आज निदान दाखवायला एक कागद असता.

ती कॅसेट मी आठवडाभर रंगनाथकडे जाऊन ऐकतो आहे. बी बाजूला तिच्या अजून सात चाली आहेत. सातही मी पहिल्या ओळीत थांबवल्या आहेत. कुठे 'नको', कुठे 'दुसरी बघ', एका ठिकाणी नुसतं 'च्'. प्रत्येक वेळी ती 'बरं' म्हणते. पुढच्या ओळी टेपवर नाहीत आणि मला येत नाहीत. तुलाही येत नसणार, येत असत्या तर तू त्याच पाठवल्या असत्या.

परवा मी द्वारकाबाईंकडे गेलो. त्यांच्या स्मरणावर विश्वास नाही असं म्हटल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, कधी म्हनलास? त्यांना आठवत नव्हतं. मी त्या सातांतल्या पहिल्या चालीची ओळ गुणगुणलो. त्यांनी सुपातले तांदूळ निवडता निवडता पुढच्या तीन ओळी म्हटल्या. दुसरीच्याही म्हटल्या. तिसरीला मध्येच थांबल्या, 'उद्या आठवंल' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही आठवली नाही.

म्हणून हे पत्र घाईने लिहितो आहे. पुढच्या ओळी जगात फक्त त्यांच्याकडे आहेत, आणि त्या रोज थोड्या कमी होत आहेत. तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ये. ते एक यंत्र मला चालेल. रविवारी वंदनेनंतर अकरा वाजता त्या घरी असतात, दुपारी झोपतात, झोपेतून उठल्यावर त्यांना काही आठवत नाही. समोर सूप आणि तांदूळ ठेव, हात रिकामे असले की त्या गात नाहीत. मध्ये थांबवू नकोस. चुकल्या तरी थांबवू नकोस.

एक गोष्ट बजावून सांगतो. ज्या ओळी त्यांना आठवणार नाहीत त्या तुझ्या यंत्राला विचारू नकोस. ते देईल. चाळीस सेकंदांत देईल, आणि सूर नीट टेकवून देईल. तिथे रिकामं राहू दे.

मी तिथे नसेन. मी समोर असलो की त्या दबून गातात, हे परवा माझ्या लक्षात आलं. नंदाही तशीच गायची.

तुझा,
पप्पा